नौशादभाईंची फेरी

नौशाद पिंजारी अंबडच्या कारखान्यात लागले ते प्रेसशॉपला, पत्रा कापायच्या मशीनवर. काही वर्षांनी हुशारी बघून साहेबांनी त्यांना वर प्लॅनिंगला घेतलं. तेव्हा ऑफिसात कॉम्प्युटर एकच, आणि त्यावर फुलाफुलांचं कव्हर घातलेलं असायचं. निरोप न्यायचे माणसांनीच. सकाळचा चहा झाला की भाई फेरीला निघत: टूलरूम, पेंटशॉप आणि शेवटी आपलं जुनं प्रेसशॉप. कुठे माल अडकलाय, कुणाला पत्रा कमी पडतोय, कुणाच्या पोरीचं लग्न जमतंय, सगळं या एका माणसाला ठाऊक. फेरी कसली, रोजची वरातच ती!

प्रेसशॉपची तर गंमतच वेगळी. मशिनांचा असा दणदणाट, की शेजारच्यानं आईवरून शिवी दिली तरी पत्ता लागायचा नाही. म्हणून तिथल्या गड्यांनी हातवाऱ्यांची भाषाच केली होती. दोन बोटं ओठाला लावली की चहा, पोटापुढे हात गोल फिरवला की मोठे साहेब आले, पळा! सहादू या भाषेतला पट्टीचा. तो नुसत्या हातांनी भाईंच्या सासुरवाडीची अशी चेष्टा करायचा, की भाई हसून हसून खाली बसायचे. काय दिवस होते हो ते!

मग मेल आला आणि फेरी बंद पडली. जेवणंही वेगळी झाली, ऑफिसचं वर आणि गड्यांचं खाली. सुरुवातीला खुर्चीत भाईंचा जीव गुदमरायचा. पुढे पुढे मात्र तोच मेल त्यांना अल्लामियाँची मेहेरबानी वाटायला लागला, कारण प्रेसशॉपच्या दणदणाटानं त्यांचे कान पार निकामी केले होते. मेलवर ऐकायचं काही नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची! घरी बायको, मासूमा, इतक्या वरच्या पट्टीत बोलायची, की शेजाऱ्यांना वाटे, यांचं रोजच भांडण.

"अहो, कानाला मशीन लावा," ती सांगून थकली.

"लावलं की कारखान्यात कळेल. बहिऱ्याला कोण प्लॅनिंगला ठेवतं?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

आणि परवा नव्या प्लँट हेड तृप्ती मॅडमनी फर्मान काढलं. बाहेरच्या गिऱ्हाइकाला मेल खुशाल पाठवा, कारखान्याच्या आत मेल बंद. उठा, जा, तोंडानं बोला. एका भिंतीच्या दोन बाजूंना बसून माणसं मेलवर भांडतात आणि तमाशा बघायला दहा जणांना प्रत धाडतात, याचा बाईंना वीट आला होता. आता हे फर्मान आलं कशावर, तर मेलवरच!

"भाई, तुमची फेरी परत सुरू!" ऑफिसातली पोरं ओरडली. भाईंची मात्र पाचावर धारण बसली. ज्या फेरीसाठी जीव तुटत होता, तीच आता बिंग फोडणार होती.

दुसऱ्या दिवशी निघाले बिचारे. टूलरूममध्ये हसून वेळ मारून नेली. पेंटशॉपचा सुपरवायझर सुनील बराच वेळ काही सांगत होता, त्याला "हो हो, करतो" म्हणून सटकले. प्रेसशॉपमध्ये सहादू मशीनवर होता. त्यानं भाईंना पाहिलं आणि चक्क तोंड फिरवलं. भाई समोर जाऊन उभे राहिले, तेव्हा त्याचे हात चालू झाले. खुर्ची मिळाली. साहेब झालास. आम्हाला विसरलास.

भाईंना राहवलं नाही. त्यांनी कानावर हात ठेवला आणि रिकामा तळवा दाखवला. कान गेले, सहादू.

 सहादूनं आपले दोन्ही कान धरले आणि दोन्ही तळवे उघडे केले. माझेपण.

इतकी वर्षं याला वाटत होतं, भाईला माज आला, आणि भाई मात्र लाजेपायी खाली फिरकत नव्हते. जिना एकच मधे. भाईंना रडूच आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही.

एवढ्यात तृप्ती मॅडम तिथे आल्या. त्यांचे ओठ हलले. भाईंनी त्यांना बाहेर व्हरांड्यात नेलं.

"मॅडम, मला ऐकू येत नाही. बरीच वर्षं झाली. लपवलं मी."

मॅडमनी लिहून दाखवायला मोबाईल काढला.

"लिहू नका," भाई म्हणाले. "वाचून वाचूनच एकटा पडलो. माझ्याकडे बघून जरा हळू बोला."

मॅडमनी मोबाईल ठेवला आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "आधी कानाचं बघा, खर्च कंपनी करेल. फेरी तुमचीच. पण आत्ता कुठे कुठे नुसती मान हलवून आलात?"

भाई तसेच पेंटशॉपला गेले. सुनीलसमोर उभे राहिले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "मघाशी मी हो म्हणालो ना, मला काहीच ऐकू आलं नव्हतं. परत सांग."