हंपीतलं रिकामं देऊळ
परवा शेजारच्या बंद घराचं दार उघडलं आणि वटवाघळांच्या घाणीचा उग्र वास आला, तसं हंपीतलं ते पडकं देऊळ आठवलं. सिंदी मेघे गावच्या आम्ही बाया ट्रॅव्हल्सने तिथं गेलो होतो. पूजा चालते त्या मोठ्या देवळाच्या रांगेत उभी असताना केळझरहून भाच्याचा फोन आला. "आत्या, बाबा गेले. दुपारी माती आहे, तू काई पोचत नाई." मी "बरं" म्हटलं. मला एकच भाऊ होता. सोबतच्या बायांना सांगितलं, तशी शेजारीण म्हणाली, "बाई, तुले सुतक लागलं. आत नको येऊ. त्या पडक्या देवळात बस, तिथं देव नाई." दुसरी म्हणाली, "देव नाई तर इतक्या दूर काऊन आलो वं आपण?" दोघी हसल्या आणि लगेच ओशाळल्या. मी रिकाम्या गाभाऱ्यात जाऊन बसले. मूर्तीच्या जागी नुसता खड्डा होता आणि दगड गार होते. बाहेरचं ऊन सरकत राहिलं. भाच्याने पुन्हा फोन केला, "झाली माती." बाया परतल्या आणि प्रसाद मला द्यावा की नाही म्हणून एकमेकींकडे पाहू लागल्या. मीच हात पुढे केला आणि खाल्ला. आता कोणी विचारलं तर हंपी चांगली आहे म्हणते. भावासाठी रडायचं मात्र राहूनच गेलं.