आधी ताट, मग चौकशी

निलंग्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या शांतामावशीच्या दारात कुणीही आलं, की ती काम विचारायच्या आधी ताट वाढायची. भिंतीच्या ओलीबद्दल बोलायला मी पहिल्यांदा गेलो, तर माझ्यापुढेही भाकरी-वरण आलं. मी लिंगायत; जरा घुटमळलो. ती म्हणाली, "खावा आप्पा, मटणाचं भांडं येगळं हाय माझं."

ही रीत तिनं पॉलिकार्पकडून घेतली होती. सुरुवातीच्या ख्रिस्ती संतांच्या गोष्टी तिला वडिलांनी सांगितलेल्या, त्यातला हा म्हातारा तिचा लाडका. पकडायला शिपाई आले तेव्हा त्यानं त्यांना आधी जेवू घातलं आणि प्रार्थनेपुरता वेळ मागून घेतला. ख्रिस्ताला नाकारलंस तर सोडतो, असं अधिकारी म्हणाला. शहाऐंशी वर्षं त्याची चाकरी केली, त्यानं माझं कधी वाईट केलं नाही, असं सांगून म्हातारा जाळाला सामोरा गेला.

मला आकडा पक्का लागतो. शहाऐंशी हे वय, की बाप्तिस्म्यापासूनची वर्षं, असं मी विचारलं.

"ते त्याला इचारा," मावशी म्हणाली. "मला त्याचा जबाब पुरं हाय."

तिचा मुलगा प्रकाश राखीव जागेवर कारकून म्हणून निवडला गेला. जातीचा दाखला तपासायला पथक घरी येणार होतं. कागदोपत्री हे कुटुंब हिंदू मातंग; घर ख्रिस्ती ठरलं तर सवलत जाणार आणि नोकरीही. आईला समजवा, म्हणून प्रकाश माझ्याकडे आला. भिंतीवरचा क्रूस एक दिवस पेटीत ठेवायचा आणि विचारलं तर खंडोबाचं नाव घ्यायचं, एवढंच होतं. मी मावशीला हिशेब मांडून सांगितला: एका दिवसाच्या बदल्यात पोराचा जन्मभराचा पगार.

तिनं माझ्या गळ्यातल्या इष्टलिंगाकडे पाहिलं. "आप्पा, पोराच्या नोकरीसाठी हे लिंग एक दिवस काढून ठिवताल का?"

मी घरी परतलो.

पथकातले दोघे आले. शेजारी म्हणून मलाही बोलावलं होतं. मावशीनं ताटं वाढली. दोघे नको नको म्हणत जेवले. धर्म कोणता, असं साहेबांनी विचारल्यावर तिनं थोडा वेळ मागितला आणि आत जाऊन क्रूसाखाली गुडघे टेकले. दाराशी प्रकाश खाली मान घालून उभा होता.

"ख्रिस्ती," ती बाहेर येऊन म्हणाली. "त्यानं माझं कधी वाईट केलं न्हाई, साहेब. पोराचं वाईट होऊन राहिलंय, ते मला दिसतंय. तरी बी ख्रिस्तीच लिवा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. खरं आहे, असं मी सांगितलं.

नोकरी गेली. प्रकाश टेम्पो चालवू लागला आणि बरेच महिने बाहेर जेवत राहिला. मावशी रोज त्याचं ताट वाढून झाकून ठेवायची. एका संध्याकाळी ते रिकामं दिसलं, तर तिनं ते घासून ठेवलं.

गेल्या उन्हाळ्यात ती गेली. कबर खणून झाल्यावर खणणाऱ्यांपैकी एकानं प्रकाशला हळूच विचारलं, वर क्रूस लावायचा का. पुढं प्रकाशच्या मुलांच्या दाखल्याला अडचण नको, असं त्याचं म्हणणं. प्रकाशनं टेम्पोतून भाकरीचं गाठोडं आणून त्यांच्यापुढे सोडलं.

"आधी जेवा," तो म्हणाला. "मग लावू. लांबून दिसंल असा लावू."