एकटीला खोली नाही

माझ्या नवऱ्याचा माझ्या फिरण्याला विरोध नाही. त्याला म्हशी आहेत. म्हशी असलेल्या माणसाला स्वतःला कुठं जाता येत नाही आणि दुसरं कुणी कशाला जातं हेही त्याला कळत नाही, पण तो आडवा येत नाही. मी बिदरला चालले म्हणून सांगितलं तेव्हा तो घमेल्यात पेंड कालवत होता.

"कावून?" त्यानं विचारलं.

"किल्ला बघायला."

"कुणासंगं?"

"एकटीच."

त्याचा हात थांबला. बराच विचार करून त्यानं विचारलं, "मग भाकरी?"

भाकरीची सोय शेजारणीकडं लावली आहे असं सांगितल्यावर तो परत पेंडीकडं वळला. परवानगी म्हणतात ती एवढीच.

मी आधी रेल्वेत बसले नव्हते असं नाही. सगळ्या भावकीबरोबर एकदा तिरुपतीला गेलतो. त्या प्रवासात खिडकीतून काय दिसलं ते मला विचारू नका, कारण खिडकीला थोरल्या जाऊबाई होत्या. मी चिवडा वाटत गेले आणि चिवडा वाटत आले. मधे कुठंतरी देव भेटला, पण तोही मागून ढकलत असलेल्या माणसांमुळं धड दिसला नाही. तेव्हाच ठरवलं होतं, पोरं मार्गाला लागली की एकदा एकटीनं, जनरलच्या डब्यात का होईना, खिडकीला बसून जायचं. कुणाला चिवडा वाटायचा नाही.

आमचं गाव पाली, बीडच्या शेजारी. बीडला आता रेल्वे आली आहे, पण ती नगरकडं तोंड करून. मला जायचं होतं उलट्या दिशेला, म्हणजे परळीहून. परळीची गाडी सकाळी लवकर सुटते, आमच्याकडून पहिली एसटी धरली तरी ती सापडत नाही. म्हणून आदल्या दिवशी परळीला मुक्काम करायचा असा बेत केला. परळीत आमचे नातेवाईक आहेत. त्यांच्याकडं उतरले असते तर मला गाडीत बसवून द्यायला कुणीतरी आलं असतं, आणि बहुतेक बिदरपर्यंत आलं असतं. तेव्हा त्यांना कळवलं नाही. स्टेशनवरच्या बाकावर बसून रात्र काढायचाही विचार केला होता, पण माझ्या कंबरेला तो पटला नाही. स्वस्तातली एखादी खोली बघू म्हटलं.

दुपार कलताना परळीत उतरले. हवेत तिथल्या वीजकेंद्राची नेहमीची बारीक राख होती. स्टँडजवळच्या पहिल्या लॉजवर काउंटरला एक तरणा मॅनेजर मोबाइल बघत बसला होता. मी आधार कार्ड पुढं केलं. त्यानं ते वाचलं आणि असं बाजूला सारलं की जणू मी त्याला वापरलेलं तिकीट दिलंय.

"बीड जिल्हा. लोकल आधार चालत न्हाई, काकू."

"का बरं?"

"लोकल लोकं लॉजवर कावून येतात ते आमाला माहीत हाय."

माझं वय पन्नाशीच्या पुढं, गुडघ्याला पट्टा, पिशवीत भाकरी आणि ठेचा. तरी या पोराला माझ्याकडून अजून काही अपेक्षा आहेत हे ऐकून मला क्षणभर बरंच वाटलं. मग बरोबर कुणी नाही हे दाखवायला मी दाराबाहेर बोट केलं, बाहेर एक गाय उभी होती.

"बघ, संगं कुणी न्हाई माझ्या," मी म्हणाले.

"मागून येतात," तो म्हणाला आणि मोबाइलकडं वळला.

दुसऱ्या लॉजवरचा माणूस वयानं मोठा आणि बोलायला गोड होता. त्याला जिल्ह्याची अडचण नव्हती, बाई एकटी असल्याची होती. घरच्यांशी बोलणं करून द्या म्हणाला. मी नवऱ्याला फोन लावून त्याच्या हातात दिला. नवरा फोनवर ओरडूनच बोलतो, त्यामुळं दोन्ही बाजू मला ऐकू येत होत्या.

"पाव्हणं, तुमच्या मिसेस आल्यात इथं. खोली मागतात. देऊ का?"

"मला काय इचारता? तिला लागती ना? द्या की."

"न्हाई, तुमची परवानगी हाय ना?"

"खोली तिला पायजे, परवानगी माझी कावून?" नवरा खरंच गोंधळला होता. "आन तिला इचारा, चुन्याची डबी कुठं ठिवली."

लॉजवाल्यानं फोन परत दिला. इतक्या सहज हो म्हणणारा नवरा खरा नसणार, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. मी चुन्याची डबी कोनाड्यात असल्याचं सांगून फोन ठेवला. तोवर त्याच्या सगळ्या खोल्या भरल्या होत्या.

नवऱ्याचा राग यावा की त्याला शाबासकी द्यावी, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

मग एका रिक्षावाल्यानं एक जुनी धर्मशाळा सांगितली. देवळाकडं जाणाऱ्या गल्लीत, आत फरसबंद अंगण, चहूबाजूंनी खोल्या. दाराशी टेबल टाकून एक म्हातारे व्यवस्थापक बसले होते. डोक्याला टोपी, कपाळाला भस्माचे आडवे पट्टे. मी नमस्कार घातला. त्यांनी माझ्या मागं बघितलं. दिवसभर सगळे माझ्या मागंच बघत होते.

"एकट्या माणसाला खोली देत न्हाई आमी. बाई असो का बाप्या."

"का पण?"

त्यांनी आवाज खाली घेतला. "एकटा माणूस खोली घेतो आन कडी लावून जिवाचं बरंवाईट करतो. मागं एकदा झाल्तं. लई बेजार झालो. पोलीस, पंचनामा, पार वरपत्तूर."

"काका, मी पालीची. आमच्या दारात बिंदुसराचं धरण हाय. मला जीवच द्यायचा असता तर एवढं एसटीत हाडं मोडून घेत परळीला कशाला आले असते?"

त्यांनी यावर नीट विचार केला आणि मान हलवली. "बोलणं बरोबर हाय तुमचं. पण नियम."

अंगणाच्या कडेला दगडी कट्टा होता. मी त्यावर बसले. पाय दुखत होते आणि खरं सांगायचं तर रडू येत होतं. एका किल्ल्यासाठी एवढी इज्जत काढून घ्यायची? आता नातेवाइकांना फोन करावा, असं मनात येत होतं.

कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला एक बाई बसली होती. सत्तरीची असावी. बारीक अंगाची, इरकल नेसलेली, कपाळाला भस्म, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग. मांडीवर पिशवी आणि स्टीलचा डबा. ती माझ्याकडं कधीपासून बघत होती कुणास ठाऊक.

"एकट्या हाव?" तिनं विचारलं.

"हो, मावशी."

"घोरता का?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय?"

"झोपेत घोरता का?"

"न्हाई."

"रातच्याला बोलायची सवय? घरचं गाऱ्हाणं, सुनंचं, जावंचं?"

"न्हाई."

"रडणार तर न्हाई ना? मागच्या वक्ताला परभणीची एक मिळालती. बाई चांगली होती, पण उजाडेपत्तूर रडली."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही बाई अधूनमधून इथं येते, एकटीला खोली मिळत नाही हे तिला पक्कं ठाऊक आहे, आणि म्हणून ती या कट्ट्यावर दुसऱ्या एकटीची वाट बघत बसते. मघाशी माझं आणि व्यवस्थापकांचं सगळं बोलणं तिनं ऐकलं होतं. मी परीक्षेत पास झाले असावे, कारण ती उठली, पदर सारखा केला आणि टेबलाशी जाऊन उभी राहिली.

"ही माझी नणंद. खोली द्या."

व्यवस्थापक माझ्याकडं बघायला लागले. "आत्ता तर ह्या म्हणाल्या एकटी हाय."

"भांडलो होतो," बाई म्हणाली.

म्हाताऱ्यांची मान लगेच डोलली. नणंद-भावजय भांडून एका कट्ट्याच्या दोन टोकांना बसल्या, यात त्यांना नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. पण त्यांनी तिचं भस्म पाहिलं, गळ्यातलं लिंग पाहिलं, मग माझं आधार वाचलं.

"तुमी तर आमच्यातल्या, लिंगायत," ते तिला म्हणाले. "आन ह्या मराठ्याच्या. मग नणंद कशा?"

बाईनं डोळ्याची पापणी हलवली नाही.

"हिच्या भावानं मला पळवून आणलं."

व्यवस्थापकांनी तिच्याकडं नव्यानं पाहिलं, सत्तरीच्या त्या काटकुळ्या बाईत पळवून नेण्यासारखं काय होतं ते शोधत असल्यासारखं. मग अदबीनं किल्ली काढली, आणि चांगल्यातली खोली दिली.

खोली म्हणजे दोन लोखंडी खाटा, एक बादली, एक खिडकी. दार लावल्यावर मला हसू आवरेना. बाई हसली नाही. तिनं खिडकीजवळची खाट घेतली, ती झटकली, आणि डबा उघडला. तिच्याकडं धपाटे होते आणि शेंगदाण्याची चटणी, माझ्याकडं भाकरी आणि ठेचा. अदलाबदल करून जेवलो. अंबाजोगाईला त्यांचं आडतीचं दुकान आहे, मालक वारले, दोन पोरं, सुना, नातवंडं, सगळे एकत्र, एवढं तिनं सांगितलं. घरी अभिषेकाला जाते म्हणून सांगून येते. अभिषेक करता का, मी विचारलं.

"देवाला बाहेरून हात जोडते. त्याच्याकडं बी गर्दीच असती."

"मग इथं येऊन करता काय?"

"झोपते."

मला वाटलं थट्टा आहे. ती चटणीचं झाकण लावत म्हणाली, "लग्न झाल्यापासून माझ्या बाजूला कुणी न कुणी झोपलेलंच हाय. आधी सासूबाई, मग मालक, मग पोरं, मग नातवं. आता धाकटी नात. लई पाय मारती."

"पण इथं बी मी हायेच की खोलीत."

"तुमी माझ्या कुणी न्हाई," ती म्हणाली.

हे तिनं इतक्या साधेपणानं सांगितलं की मला ते लागलं नाही. उलट दिवसभरात पहिल्यांदा कुणीतरी मला नीट ओळखलं असं वाटलं. तिनं मग मला, कुठं चालला म्हणून विचारलं. बिदरला, म्हणाले. तिथं कोण हाय? कुणी न्हाई. "झ्याक," ती म्हणाली, आणि पुढं एक प्रश्न विचारला नाही.

आता गंमत अशी की मी एकटेपणासाठी घराबाहेर पडले होते, आणि मलाच बोलावंसं वाटायला लागलं. लॉजवाल्याचं, चुन्याच्या डबीचं, सगळं तिला सांगायचं होतं. मी सुरुवातही केली. तिनं भिंतीकडं तोंड केलं. "बोलणार न्हाई म्हणलता तुमी," एवढं म्हणाली आणि दिवा घालवला. थोड्या वेळानं ती घोरायला लागली. मला घोरता का विचारणारी बाई अशी घोरत होती की खिडकीचं तावदान वाजत होतं. मी छताकडं बघत पडून राहिले आणि मला कुणाचाच राग आला नाही.

सकाळी तिला न उठवता आवरलं, पिशवी घेतली आणि अंगणातून निघाले. व्यवस्थापक दात घासत उभे होते.

"भावजय कुठाय?"

"झोपल्यात."

"त्यांना एकटीला ठिवून चालला?" त्यांच्या हातातला तांब्या थांबला. नियम आणि पंचनामा दोन्ही त्यांच्या डोळ्यांपुढं उभे राहिलेले मला दिसले. तिला उठवायचं किंवा गाडी सोडायची, दोनच वाटा होत्या. तिला उठवायला मन होईना.

"स्टेशनवर माझा भाऊ येतोय," मी म्हणाले. "त्याला घेऊन येते."

"कोण? ते... पळवून आणणारे?"

"हो."

त्यांचा चेहरा उजळला. "या घेऊन. च्या ठिवतो."

मी जवळजवळ पळतच स्टेशन गाठलं. खिडकीवर "बिदर, एक" म्हणाले, तर तिथल्या माणसानं काही न विचारता तिकीट सरकवलं. डब्यात गर्दी होती, लातूर रोडला ती ओसरली आणि मला खिडकी मिळाली. उदगीर गेलं, भालकी गेलं, तुरीची रानं, काळी माती, मधेच तांबडी. मी कुणाला काही वाटलं नाही. समोरच्या पोराला भूक लागली होती, तरी नाही. त्याची आई होती त्याला.

बिदरला पहिल्याच लॉजवाल्यानं आधार बघून किल्ली दिली. राज्याची हद्द ओलांडताच माझं चारित्र्य सुधारलं होतं. किल्ला पाहिला. मोठा आहे. मन भरेपर्यंत हिंडले, एका बुरुजावर बसून शेंगा खाल्ल्या, आणि परत खोलीवर येऊन गाढ झोपले.

परतताना परळीत उतरले तेव्हा बीडच्या एसटीला वेळ होता. मनात ती बाई होतीच, म्हणून धर्मशाळेकडं वळले. व्यवस्थापक टेबलाशीच होते. मला बघून त्यांनी हळहळल्यासारखं केलं.

"आले न्हाईत ना भाऊ?"

"न्हाई आले," मी म्हणाले. "वहिनीचं काय झालं?"

"ऊन अंगणात आलं तरी उठंनात. माझा जीव घाबरा झाला. दोनदा दार वाजवलं. तर आतून म्हणल्या, मेले न्हाई, जा." त्यांनी टोपी काढून परत घातली. "निघताना मी भावाचं इचारलं. तर म्हणल्या, असल्या माणसाची वाट बघण्यातच माझी जिंदगी गेली. बाई, मला लई वाईट वाटलं. ठिवलेला च्या मी त्यांनाच पाजला. तुमी भावाला चार शब्द सांगा."

"सांगते," मी कबूल केलं.

मला भाऊ एकच, गेवराईला. तो बायकोला विचारल्याशिवाय शर्टसुद्धा बदलत नाही. पण म्हाताऱ्या माणसाला शब्द दिला होता, म्हणून एसटीत बसल्यावर त्याला फोन लावला आणि बायकोला असं तिष्ठत ठेवू नये, यावर चांगलं सुनावलं. "पण आक्का, झालं काय?" तो पुन्हा पुन्हा विचारत होता. सिरसाळ्याच्या पुढं रेंज गेली, तोवर मी बोलतच होते.