पूजेला मागे, कुलपाला पुढे

धाकट्या जावेने माझ्या हातातलं आरतीचं ताट काढून घेतलं.

"ताई, द्या इकडे. तुम्ही जरा मागे थांबा. शुभकार्य आहे."

खंडेनवमी होती. मुलांनो, तुमच्या तिकडे हा दिवस नसतो. आपल्या अंबरनाथच्या कंपनीत त्या दिवशी सगळी यंत्रं बंद ठेवून पुसतात, झेंडूच्या माळा घालून त्यांची पूजा करतात. तुमचे आजोबा होते तोवर ती पूजा आम्ही दोघं करायचो. ते गेल्यानंतरची ही पहिली खंडेनवमी. माळा मीच ओवल्या होत्या. ताट मीच मांडलं होतं.

मी मागे गेले. ट्रिमिंगच्या बायकांच्या रांगेत उभी राहिले. कुकरच्या झाकणाची रबरी रिंग साच्यातून निघते तेव्हा तिच्या कडेला जास्तीचं रबर चिकटलेलं असतं. ते कातरीने कापतात, त्या ह्या बायका. हा विभाग मी सुरू केला होता. मांजर्लीची कमल माझ्या बाजूला होती. समोर बघत ती हळूच म्हणाली, "बाई, तुमालाच मागं सारलं. मग आमी कोन्या झाडाचा पाला?"

दिरांनी नारळ फोडला. जावेने ओवाळलं. सगळ्यांना पेढे वाटले. मलाही दिला. मी खाल्ला. चव आठवत नाही. राग आला होता का, तेही आठवत नाही. बोटांना तूप लागलं होतं, ते पदराला पुसलं.

त्यानंतर दर वर्षी मी मागेच उभी राहिले. कोणाला सांगावं लागलं नाही. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. कंपनीची गिऱ्हाइकांना जाणारी इंग्रजी पत्रं माझ्या हातची. कंपनीतला आजोबांचा निम्मा हिस्सा मृत्युपत्राने माझ्या नावावर. तरी मागे. माणूस सरावतो. पाय आपोआप तिथे जातात.

यंदा दिरांनी ऑफिसात बोलावलं. चहा मागवला. त्यांच्या शेजारी एक तरुण सल्लागार लॅपटॉप उघडून बसला होता.

"वहिनी, हे जरा वाचा. इंग्रजी तपासा. तुमच्यासारखं कोणाला जमत नाही."

वाचलं. कंपनी बंद करायची. रिंगा गुजरातेतल्या एका कारखान्यातून बनवून आणायच्या. आपण त्या फक्त आपल्या नावाच्या खोक्यात भरून विकायच्या. जागा विकायची. ट्रिमिंगच्या बायकांबद्दल एकच ओळ होती. त्या अतिरिक्त आहेत, अशी.

मी पर्समधून पेन काढलं. खरंच काढलं. दोन वाक्यं सरळ केली. मग खाली नजर गेली. सहीच्या जागी माझं नाव आधीच छापलेलं होतं.

"म्हणजे ठरलं?"

"ठरल्यातच जमा. विजेचं बघा, कच्च्या मालाचं बघा. आपले रिंगा दाबायचे प्रेस म्हातारे झालेत. ते लोक आपल्यापेक्षा स्वस्तात देतात. भावनेवर धंदा होत नाही, वहिनी."

हिशेब खोटा नव्हता. तो मलाही येतो. पण तो मांडताना मला कोणी बोलावलं नव्हतं. मांडून झाल्यावर शुद्धलेखनापुरतं बोलावलं.

सल्लागार हसून म्हणाला, "आजी, टेन्शन नका घेऊ. आता मस्त आराम करायचा. बस, इकडे साइन मारा."

"आणखी एक," दीर म्हणाले. "बायकांना तुम्हीच सांगा. उद्या सगळ्यांना खाली जमवतो. तुम्ही पुढे उभ्या राहा. तुम्ही सांगितलंत तर आरडाओरडा होणार नाही. तुमच्याच आहेत त्या."

पूजेला मी अशुभ. कुलूप लावायला चालते.

छातीत काही पेटलं वगैरे नाही. चहा गार झाला होता. मी पेनाला टोपण लावलं.

"मी सांगणार नाही. सहीही करणार नाही."

दीर हसले. "आधी पोराला तरी विचारा." आणि लगेच फोन लावला. स्पीकरवर.

तुमचे बाबा म्हणाले, "आई, करून टाक ना सही. कशाला अडकून बसतेस? शेवटी हे मुलांसाठीच आहे. त्यांच्या कॉलेजसाठी."

तुमचं नाव घेतलं. म्हणून हे तुम्हाला लिहिते आहे. तुम्हाला त्यांनी विचारलं होतं का? मला वाटत नाही. माझ्यासारखंच तुमचंही नाव परस्पर घालून टाकलं.

"मुलांशी मी बोलेन," मी म्हणाले, आणि उठले.

खाली नळावर कमल डबा धूत होती.

"काय झालं वर? कंपनी बंद होनार म्हनतात."

"त्यांना करायची आहे. माझी सही लागते. मी दिली नाही."

"आन् मग?"

"मग काय ते माहीत नाही."

ती डबा झटकून म्हणाली, "तिकडं कात्रपला तुमच्या घरात बसून नाय म्हनाल, तर वरचे हसतील. नाय म्हनायचं तर इथं येऊन म्हना. रोज."

सहानुभूती नव्हती तिच्या बोलण्यात. बरं वाटलं असंही नाही. पण ते खरं होतं.

मी वाटणी मागितली आहे. निम्मे प्रेस, निम्मी शेड. दिरांना त्यांच्या निम्म्याचं काय करायचं ते करू दे. माझ्या निम्म्यात रिंगा इथेच बनतील, इथेच कापल्या जातील. किती दिवस, सांगता येत नाही. बुडेलही. बुडालं तर बायकांसमोर मी उभी राहीन आणि सांगेन, की हे मी ठरवलं होतं आणि हे मी बुडवलं. दुसऱ्याचा निरोप घेऊन उभी राहणार नाही.

दीर बोलत नाहीत. तुमचे बाबा फोन करत नाहीत. मी रोज सकाळी कंपनीत जाते. आजोबांच्या टेबलाशी बसते. तिथून उठा असं अजून कोणी म्हटलेलं नाही. म्हटलं तरी उठणार नाही.

तुमच्या कॉलेजसाठी माझ्या हिश्श्यातून काही येणार नाही. ते धरून चालू नका. आणि कोणी तुम्हाला माझी सही मागायला सांगितलं, तर मागू नका. तुम्हालाही मी नाहीच म्हणेन.