बुरखा खुंटीला, बांगड्या डब्यात

एका टेबलावर इतके किस्से कसे साठले, असं मला घरची मंडळी विचारतात. त्याला कारण आमचं कामच तसं होतं. स्वातंत्र्य मिळून आठ-दहा वर्षं झाली होती, पिंपरीच्या माळावर इंजेक्शनच्या औषधाचा कारखाना नवा नवा उभा राहिला होता आणि आम्ही बायका तिथं काचेच्या कुप्या तपासायचो. एकेक कुपी दिव्यापुढं धरायची, हलवायची, आत कण किंवा धागा तरंगतोय का ते बघायचं. बघून बघून डोळ्यांवर झापड यायची, सगळा हॉल पाण्याखाली गेल्यासारखा वाटायचा. म्हणून अर्ध्या तासानं घंटा व्हायची आणि पाच मिनिटं खिडकीबाहेर लांब बघत बसायचा नियम होता. आम्ही त्याला ‘डोळ्यांची सुट्टी’ म्हणायचो. हात रिकामे, नजर पार पवनेच्या काठावरच्या बाभळींवर आणि तोंडं मोकळी! मग काय होणार?

टेबलाला आम्ही तिघी. मी सांगलीची, नवऱ्याच्या नोकरीपायी इकडं आलेली. हौसा इथलीच, शेतकऱ्याच्या घरची सून. आणि तिसरी चाकणची झुबेदा, अजून लग्न न झालेली. खरं सांगायचं तर बहुतेक किस्से तिचेच.

*

पहिल्या दिवशी आम्हाला पांढरा झगा, टोपी आणि नाकातोंडावर बांधायची पट्टी मिळाली. आमचा हॉल औषध भरायच्या खोलीला लागून, त्यामुळं हे सगळं घातल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. मी गुदमरले. हौसानं तर पट्टी दोनदा ओढून हनुवटीवर आणली आणि दोनदा बोलणी खाल्ली. झुबेदानं मात्र बुरखा काढून खुंटीला लावला, झगा चढवला, पट्टी बांधली आणि कामाला बसलीसुद्धा. सुपरवायझरबाईंनी तिचं कौतुक केलं.

“बाई, मी पडद्यातनं पडद्यात आले,” झुबेदा म्हणाली. “ह्या दोघी उघड्यावरनं आल्यात, त्यांना वेळ लागंल.”

*

आता तो बुरखा. झुबेदाची आई लहानपणीच गेलेली; वडील होते, पण तिला वाढवलं तिच्या फुफीनं, म्हणजे आत्यानं. ही फुफी स्वतः नऊवारी नेसून, डोक्यावर पदर घेऊन चाकणच्या बाजारात कांद्याचा भाव करायची. आमच्या गावाकडच्या मुसलमान बायकाही तशाच असायच्या, मला त्यात काही नवल नव्हतं. पण झुबेदाला नोकरी लागली आणि फुफीनं पुण्याहून बुरखा आणवला. गावात कशाला पाहिजे, गावात सगळे ओळखीचे, असं तिचं म्हणणं.

थोडक्यात, बुरखा होता तो कंपनीच्या बसपुरता. झुबेदा त्याला ‘माझा पास’ म्हणायची.

*

बांगड्यांचं प्रकरण हौसाचं. काच फुटली तर कुपीत जाईल, म्हणून बांगड्या काढून पत्र्याच्या डब्यात ठेवाव्या लागत. मंगळसूत्रही त्यातच. हे कुणीतरी हौसाच्या सासूला सांगितलं आणि म्हातारी थेट गेटवर हजर. माझा लेक जित्ता असताना सुनेचे हात मोकळे करणारे तुम्ही कोण? वॉचमन पार घाबरला. आम्ही बाहेर धावलो. हौसा रडायला लागली.

झुबेदानं म्हातारीचा हात धरला. “आत्याबाई, आमच्यातले म्हनत्यात झाक. तुमच्यातले म्हनत्यात दाखव. कंपनी म्हनती, दोनी हितंच ठिवा आन् आत या.”

म्हातारी म्हणाली की डब्याला कुलूप तरी लावा.

*

एकदा डोळ्यांच्या सुट्टीत झुबेदानं आपलं स्वप्न सांगितलं. ती इंद्रायणीच्या काठानं चालली होती. वारा सुटला, बुरख्यात शिरला, बुरखा फुगला आणि तिचे पाय हळूच जमिनीवरून सुटले. खाली चाकणचा किल्ला, कांद्याची शेतं, मशिदीशेजारची चिंच, सगळं बोटभर. भीती अजिबात वाटली नाही म्हणे. तिचा आवाज इतका शांत होता की घंटा झाली तरी आम्ही बाभळींकडंच बघत होतो. शेवटी हौसानं विचारलं, मग पुढं?

“पुढं काय? बस चुकली.”

*

वर्षातून एक दिवस घरच्या माणसांना कारखाना बघायला सोडत. त्या दिवशी फुफी आली आणि आमची पंचाईत झाली. कारण झुबेदानं घरी सांगून ठेवलं होतं की आमच्याकडं पुरुष नावाला नाहीत. प्रत्यक्षात औषध भरायच्या खोलीत निम्मे पुरुषच! फुफी त्या खोलीच्या काचेला नाक लावून बराच वेळ आत बघत राहिली. आत सगळे झगे, सगळ्या टोप्या, सगळ्या पट्ट्या, नुसते डोळे तेवढे दिसणारे.

“अगं,” फुफी समाधानानं म्हणाली, “हितं तर बाप्येबी पडद्यात हायेत!”

*

पुढच्याच वर्षी फुफीच्या नवऱ्यानं, म्हणजे फुफांनी, झुबेदासाठी तळेगावच्या एका मास्तरचं स्थळ आणलं. मुलगा चांगला होता, पण त्याच्या वडिलांनी सांगून ठेवलं की आमच्या घरच्या बायका कामाला जात नाहीत. झुबेदानं आठवडाभर विचार केला. मग तिनं वडिलांना मशिदीतल्या मौलवींकडं पाठवलं. निकाहनाम्यात, म्हणजे लग्नाच्या कागदात, बायकोला अट घालता येते का, एवढंच विचारायला.

मौलवी म्हणाले, येते की. आजवर कुणी विचारलं नव्हतं.

मला तिचा हेवा वाटला, सरळच सांगते. माझ्या लग्नात मला कुणी काही विचारलंच नव्हतं. अंगावर अक्षता पडल्या आणि झालं. झुबेदानं फुफांना अट सांगितली: मी नोकरी करणार, ती कुणी सोडवायची नाही. फुफी कपाळाला हात लावून म्हणाली की नवरी मुलगी अटी घालत नसते. फुफा म्हणाले, बरं बरं, लिहू.

*

निकाहला मी आणि हौसा चाकणला गेलो. त्यांच्यात नवरी आत बायकांत बसते आणि तिच्या बाजूचा एक वडीलधारा माणूस, त्याला वकील म्हणतात, दोन साक्षीदार घेऊन तिची कबुली विचारायला येतो. वकील फुफाच होते. त्यांनी कागद वाचला. नाव, बापाचं नाव, गाव, नवऱ्यानं द्यायची मेहेरची रक्कम. अट नव्हती.

“कबूल आहे?” त्यांनी विचारलं.

झुबेदा गप्प. आमची झुबेदा, जिचं तोंड पट्टी बांधूनही बंद राहायचं नाही! दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. मला ओरडावंसं वाटलं, पण मी परकी. एक बाई हसून म्हणाली, लाजते पोरगी, गप्प राहिली म्हणजे हो. सगळ्याजणींनी माना डोलावल्या. रिवाजच तसा. फुफांनी कागदाची घडी घातली आणि साक्षीदारांना घेऊन वळले.

“थांबा,” फुफी म्हणाली.

ते उंबऱ्यात थांबले.

“ती गप हाय,” फुफी म्हणाली. “मीबी माझ्या निकाहच्या दिशी गपच हुते. ते व्हय नव्हतं.”

साक्षीदार खाली बघायला लागले. फुफा परत आत आले, चटईवर बसले आणि कागदाची घडी उलगडली. झुबेदाकडं न बघता ते बायकोला म्हणाले, “काय लिवू, सांग.”