बॅटरी सोडवल्यावरचं रीडिंग

भूत, भानामती असलं कोणी सांगायला लागलं की मी उठून जातो. आजही जातो. पण हे माझ्याच हातून झालंय, म्हणून लिहितोय...

महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती. बुलढाणा जिल्ह्यात, सोनाळ्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचा भूजल सर्व्हेचा कॅम्प होता. जमिनीत लोखंडी खुंट्या ठोकायच्या, बॅटरीचा करंट सोडायचा, आणि खाली खडक आहे की पाणी ते मीटरवरून ओळखायचं — एवढंच काम. भाद्रपदात उतार घसरला आणि नवी विहीर खणणारा महादेव आत गाडला गेला. गावकरी फावडी घेऊन धावले. शेतमालकानं मला विचारलं, उकरलं तर वरची दरड खाली येईल का?

मी उतारावर खुंट्यांची लाइन टाकली. रीडिंग अगदी कमी — म्हणजे उतारभर ओली चिकणमाती, उकरली की घसरणारी. मग बॅटरी सोडवली, करंट बंद झाला, तरी मीटरचा काटा हलतच होता. तीनदा... थांबून पुन्हा तीनदा. महादेवची बायको कौसल्या शेजारीच बसून बघत होती.

"साहेब, थे ठोकून राह्यले. तीन ठोके म्हंजे वर घ्या."

जमिनीत आपोआपही थोडी वीज असते, हे मला माहीत होतं. ती मोजून तीनदा येत नाही, हेही माहीत होतं. पण मागे वीस माणसं उभी होती. मी उकरू नका म्हणून सांगितलं, आणि तिला म्हणालो, बाई, मशीन बिघडलंय. बायकांनी तिला ओढतच घरी नेलं. मी मात्र रोज एकटा जाऊन काटा बघायचो. तिसऱ्या दिवशी चारच्या सुमारास तो थांबला. वहीत तेवढं लिहिलं आणि वही पेटीत कोंबली.

ती दरड काही आली नाही.

उन्हाळ्यात माती काढली. महादेवच्या छातीवर धोंडा, दोन्ही हात चेचलेले. सगळे म्हणाले, जागीच गेला. मला हायसं वाटलं, खोटं कशाला सांगू!

मग कौसल्या कॅम्पवर आली. श्राद्धासाठी तिथी धरायची होती.

"काटा कोन्त्या दिवशी थांबला, साहेब?"

"पहिल्याच दिवशी," मी म्हणालो.

ती उठून गेली. पुढच्या भाद्रपदात तिनं श्राद्ध घातलं, ते तिसऱ्या दिवसाच्या तिथीला. वही मी कोणालाच दाखवली नव्हती.

महादेव जागीच गेला, तर ठोकत कोण होतं? आणि तिला दिवस कोणी सांगितला? इतकी वर्षं झाली, मला उत्तर सापडलेलं नाही. खरं सांगतो, सापडू नये असंच वाटतं.