जावक बुकातली धामण

दुसरी मोठी लढाई सुरू होण्याआधीची काही वर्षं मी मुरबाडच्या मामलेदार कचेरीत रेकॉर्ड-कीपर होतो. रेकॉर्ड म्हणजे लाल फडक्यांत बांधलेले गावोगावच्या जमिनींच्या कागदांचे रुमाल, आणि कीपर म्हणजे ते उंदरांपासून राखणारा मी. खरं सांगायचं तर राखत होती एक धामण. ती खालच्या फळीवर, रुमालांच्या मागे राहायची. आमचा शिपाई डोंगराकडच्या गावचा, वयानं माझ्याहून बराच मोठा. तो तिला कुणाला हात लावू देत नसे. दप्तरखान्यात उंदीर औषधालाही उरला नव्हता.

एकदा मुंबईहून ठाण्यामार्गे एक छापील प्रश्नपत्रिका आली. देशोदेशींच्या दप्तरखान्यांतल्या लोकांनी एकत्र येऊन ठरवलं होतं, की जुने कागद कोण कसे सांभाळतो हे एकमेकांना विचारायचं आणि त्यातून सगळ्यांनीच सुधारायचं. असल्या कागदावर 'निरंक' लिहून तो परत धाडायची आमच्याकडची पद्धत. पण मला माझ्या इंग्रजीची भारी घमेंड. मी पानभर उत्तर लिहिलं. 'कीड व उंदीर यांवर उपाय' या रकान्यात कडुलिंबाचा पाला, वेखंड आणि धामण, नग एक, असं खरं ते लिहून टाकलं. मामलेदारांनी सही ठोकली.

सहा महिन्यांनी वरून कळलं, की त्या मंडळींपैकी एक गोरा साहेब हिंदुस्थानात आला आहे आणि त्याला मुरबाडची धामण बघायची आहे. मामलेदारांनी मला समोर उभं केलं. कचेरीचं साता समुद्रापलीकडे हसं केलंत, म्हणाले. धामण आजच्या आज हलवा, साहेबाला सांगा नकलेत चूक झाली, नाहीतर शहापूरला बदली. शहापूर म्हणजे काही काळं पाणी नव्हे, उलट तिकडे आगगाडी होती. पण मुरबाडात माझं घर होतं, आणि दारात नुकतीच व्यालेली म्हैस. मी मान डोलावली.

शिपाई मात्र अडून बसला. दप्तरखान्यातली वस्तू जावक बुकात लिहिल्याशिवाय उंबऱ्याबाहेर न्यायची नाही, हा नियम मीच त्याच्या डोक्यात भरला होता.

"भाऊसाहेब, लिवून द्या. उद्या कुनी इचारलं तं मी काय सांगू?"

वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी चिडून लिहिलं : 'धामण, नग एक, साहेब येणार म्हणून ओढ्यापलीकडे रवाना. परत यायची आहे.' शेवटचं वाक्य त्यानं हट्टानं घालायला लावलं. मग तिला पोत्यात घालून घेऊन गेला.

चार-पाच दिवसांनी साहेब कल्याणहून मोटारीनं धूळ खात आला. उंच, वाळका, घामाघूम. त्यानं धामणीचं विचारताच मी ठरल्याप्रमाणे म्हणालो, ती नकलेतली चूक. बोलताना जीभ जराही अडखळली नाही. साहेबाचा चेहरा पडला. तेवढ्यासाठी इतका खडखडत आला होता बिचारा. मग, जातीचा दप्तरी माणूस असल्यामुळे, त्यानं जावक बुक मागितलं आणि सगळ्यांत शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, हे वाचून दाखवा.

त्याला मराठी येत नव्हतं. 'नकाशा, नग एक' म्हटलं असतं तरी भागलं असतं. मामलेदार डोळे वटारून माझ्याकडे बघत होते. पण काय झालं कोण जाणे. तोंडी खोटं मी सहज बोललो होतो. समोर लिहिलेलं, तेही माझ्याच हातचं, मला वेगळं वाचताच येईना. मी शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला, 'साहेब येणार म्हणून' यासकट.

साहेब हसला नाही. त्यानं आपल्या वहीत ते उतरवून घेतलं आणि धामण परत कधी येणार, एवढंच विचारलं. मी शिपायाकडे पाहिलं.

"ती आलीय की परवाच," तो म्हणाला. "आवक बुकात नोंद नाय, म्हून बोललो नाय." आणि त्यानं खालच्या फळीवरचा एक रुमाल बाजूला सारला.

मामलेदार खोलीबाहेर गेले ते धावत नव्हते, पण त्याला चालणंही म्हणता आलं नसतं. साहेब फळीसमोर गुडघे टेकून कितीतरी वेळ बघत राहिला. मला असा आनंद झाला की म्हशीचाही विसर पडला.

मायदेशी पोचल्यावर साहेबानं मुरबाडला आभाराचं पत्र पाठवलं, असं पुढे कानावर आलं. मी तेव्हा तिथे नव्हतो. बदलीचा हुकूम पंधरा दिवसांतच आला होता. आवक बुक माझ्याकडेच असे. मी हुकूम दोनदा वाचला, बुक पुढे ओढलं आणि त्याची नोंद केली, चांगल्या वळणदार अक्षरात.